मोठ्या दुकानांच्या शेजारी लहान पेढी



यंदाच्या स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत, अशी चिटणिसांची आज्ञा झाली. आमचे शिक्षण मॅट्रिकपुरते. बेळगावच्या रविवार पेठेत धान्याची पोती मोजण्यात आयुष्य गेले. तेव्हा अनुभवाचेच बोल येथे मांडतो.

मंदीत मनुष्य अन्न सोडत नाही. खरेदीची रीत मात्र बदलतो. पूर्वी उन्हाळ्याच्या तोंडाशी घरोघर वर्षाच्या गहू, ज्वारी, तुरीची बेगमी होई. आता महिन्याचे, कित्येकदा आठवड्याचेच सामान नेले जाते. किराणा दुकानदारही पाच पोत्यांऐवजी दोन मागतो आणि पैसे लांबणीवर टाकतो. नेमक्या अशा वेळी मोठ्या कंपन्या तांदूळ व साखर पडत्या भावाने देतात. त्यांतील तूट त्यांना साबण, बिस्किटे व कपडे यांवर भरून काढता येते. आमच्यापाशी धान्याखेरीज दुसरा माल नाही. तेथे तूट आली की ती मुद्दलातूनच जाते.

हा धडा आम्ही दंड भरून शिकलो. 2021 साली एका मोठ्या कंपनीची गाडी खानापूर भागातील आमच्या गिऱ्हाइकांच्या दारात जाऊ लागली. आम्ही हट्टाने भाव उतरवले आणि तीस दिवसांची उधारी नव्वदवर नेली. विक्री वाढली, म्हणून समाधान मानले. वर्षअखेर खतावणी उघडली, तेव्हा गल्ला रिकामा आणि भांडवल सारे लोकांच्या नावे! चिरंजीवांनी एवढेच म्हटले, "अप्पा, पेढी बंद करून जागा भाड्याने दिली, तर याहून अधिक मिळेल." बोलणे कटू होते, हिशेबाने मात्र खरे होते.

मग आम्ही साधे गणित मांडले. एक लाख रुपये शेकडा दोन नफ्याने वर्षात चार वेळा फिरले, तर आठ हजार मिळतात. तेच शेकडा एकने बारा वेळा फिरले, तर बारा हजार. लहान व्यापाऱ्याचे बळ भांडवलाच्या आकारात नसून त्याच्या फिरण्यात आहे. जी उधारी भांडवल अडकवते, ती विक्री नव्हे. येथे कायद्यावर विसंबता येत नाही. 2 जुलै 2021 रोजी घाऊक व किरकोळ व्यापाऱ्यांना सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या नोंदणीत घेतले गेले. परंतु लाभ अग्रक्रमाच्या बँक कर्जापुरताच ठेवला. पंचेचाळीस दिवसांत वसुलीचे जे संरक्षण कारखानदारास मिळते, ते आपणांस त्यात मिळाले नाही. आम्ही उधारी पुन्हा तीस दिवसांवर आणली. काही जुनी खाती तुटली. त्यांतील दोन आजही परत आलेली नाहीत.

जी राहिली, ती मालाच्या पारखीमुळे. कोणती मालदांडी ज्वारी भाकरीस चिरा पडू देत नाही, कोणता तांदूळ जुना असून अधिक पाणी पितो, कलबुर्गीची कोणती तूर लवकर शिजते, हे मूठभर दाणा तळहातावर घेऊन सांगणारा मनुष्य बंद पिशवीत मिळत नाही. शिवाय 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या बंद पिशव्यांतील धान्यावर 5 टक्के कर आला. सुट्या धान्यावर तो आला नाही. ज्यास पावशेर डाळ हवी, त्याची सोय सुट्या मालाचा दुकानदारच करतो आणि त्या दुकानदाराची सोय करणे हा आपला धर्म होय.

राहता राहिला खरेदीचा भाव. एकट्याने वीस पोती आणणाऱ्यास वाहतूकच जड जाते. आम्ही चार पेढ्या दोन वर्षांपासून विजयपूर व कलबुर्गीहून एकत्र गाडी भरून आणतो. माल व खर्च पोत्यांच्या प्रमाणात वाटून घेतो. आरंभी अविश्वास होता. शेजाऱ्यास आपला खरेदीभाव कळेल, हीच मोठी भीती! परंतु आजवर ज्या गिऱ्हाइकांसाठी आपण एकमेकांचे भाव पाडले, ती अखेर तिसऱ्याच्याच दारी गेली, हे विसरून कसे चालेल?

चिरंजीव अद्याप पेढीवर बसतात. पुढेही बसतील, असे छातीठोकपणे आम्ही म्हणत नाही. आपल्या मंडळाने अशी एकत्र खरेदी अंगावर घेतली आणि बुडव्या खात्यांची माहिती सभासदांनी परस्परांस मोकळेपणे दिली, तर पुढील पिढीस पेढीवर बसण्यास एक कारण तरी राहील. येत्या वार्षिक सभेत या विषयावर विचार व्हावा, ही नम्र विनंती.