लॅब ते शेत, आणि परत?

'टेक्नॉलॉजी ट्रान्सफर' म्हटलं की आपल्याला आयआयटीच आठवते. पण आमच्या कुंभार पिंपळगावच्या जालना जिल्ह्यातच त्याचं भारी उदाहरण आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या 'पुसा सावनी' भेंडीचं बियाणं बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात वाढवलं, शेतकऱ्यांपर्यंत नेलं आणि १९६४ साली 'महिको' सुरू केली. २००० साली हैदराबादजवळच्या इक्रिसॅटने आणखी सोपी युक्ती काढली. कंपन्यांनी मिळून वर्गणी भरायची, संस्थेने संकरित ज्वारी-बाजरीसाठी लागणारे मूळ वाण सगळ्या सभासदांना द्यायचे. मक्तेदारी कुणाचीच नाही!

पण कोणतं बियाणं कुठल्या जमिनीत, किती पावसात कसं आलं, हा डाटा शेतातून संस्थेकडे परत गेला तरच पुढचं वाण सुधारेल. हा परतीचा रस्ता बांधणं आपलंच काम. फायनल इयरचा प्रोजेक्ट शोधताय ना?