करोना-संसर्ग आणि रक्तातील मेदप्रथिने

एप्रिल २०२१ मधील गोष्ट. ठाण्यास बाळकुम येथे व डोंबिवलीस सावळाराम क्रीडासंकुलात आदल्या वर्षी उभारलेली करोना-रुग्णालये तेव्हा पुन्हा गजबजली होती. त्या दिवसांत डोंबिवलीतील आमच्या एका वृद्ध स्नेह्यांना संसर्ग झाला असता रक्ताची जी तपासणी झाली, तीत ‘वाईट’ कोलेस्टेरॉल बरेच उतरलेले दिसले. ‘आजाराने एवढे तरी भले केले,’ असे म्हणून रोजची गोळी सोडण्याचा विचार त्यांनी बोलून दाखविला. प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाशास्त्र. परंतु या गैरसमजाचे मूळ काही अंशी शब्दांतच असल्यामुळे हे विवेचन अस्थानी ठरू नये.

कोलेस्टेरॉल हे नाव ग्रीक भाषेतील ‘पित्त’ आणि ‘घन’ या अर्थांच्या शब्दांपासून सिद्ध झाले आहे. पित्ताश्मरींत तो पदार्थ प्रथम आढळला. तो पाण्यात विरघळत नाही. म्हणून रक्तातून त्याची ने-आण मेद व प्रथिने यांच्या सूक्ष्म कणांतून, म्हणजेच मेदप्रथिनांतून, होते. निम्न घनतेचे कण तो ऊतकांकडे नेतात व धमन्यांच्या भित्तींत साठवू शकतात. उच्च घनतेचे कण तो यकृताकडे परत आणण्यास साह्य करतात. ‘वाईट’ व ‘चांगले’ ही विशेषणे वस्तुतः या वाहकांची होत. वाहिला जाणारा रेणू दोहोंत एकच असतो.

करोना-विषाणूचे बाह्य आवरणही मेदाचेच असून ते त्याने आश्रयपेशीपासूनच घेतलेले असते. साबणाने तो नष्ट होतो याचे कारण हेच. तथापि संसर्गात कोलेस्टेरॉल घटते ते विषाणू ते खाऊन टाकतो म्हणून नव्हे. तीव्र दाहामुळे यकृताचे कार्य पालटते, आणि उच्च घनतेच्या कणांतील मुख्य प्रथिनाची जागा दाहकाळी निर्माण होणारे दुसरे प्रथिन घेऊ लागते. परिणामी दोन्ही प्रकारचे मान खाली येतात. ट्रायग्लिसराइड मात्र पुष्कळदा वाढते. इतर तीव्र संसर्गांतही असेच घडते. उच्च घनतेचे मान जितके कमी, तितका आजार गंभीर, असा संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे. अर्थात् संबंध म्हणजे कारण नव्हे.

येथे ‘उतरणे’ या क्रियापदाकडे लक्ष द्यावे. ताप उतरतो, सूज उतरते, ते शुभ. तोंड उतरते तेव्हा मात्र नाही. अहवालातील आकडा उतरला की आपले मन पहिल्या अर्थाकडेच धावते. प्रत्यक्षात तो आकडा आजाराची खूण असतो, पथ्यपाण्याचे फळ नव्हे. तो पूर्ववत् होण्यास काही आठवडे, क्वचित् महिने लागतात. इतकेच नव्हे, तर संसर्गानंतरच्या वर्षभरात काहींचे मान पूर्वीहून वाढल्याचीही निरीक्षणे आहेत. स्टॅटिन औषधांनी करोना बरा होतो असे चाचण्यांतून निर्विवाद सिद्ध झालेले नाही; परंतु हृदयरक्षणासाठी ती घेणाऱ्याने आजारातील एका अहवालावरून ती थांबविणे ही निराळीच चूक होय.

आमच्या स्नेह्यांनी सुदैवाने आधी डॉक्टरांस विचारले. तीन महिन्यांनी फेरतपासणी झाली, तेव्हा आकडा जवळजवळ जुन्याच जागी आला होता.