मोहोळ हलवण्यापूर्वी

महाराष्ट्राच्या शहरांत इमारतींच्या सज्जांखाली, पाण्याच्या टाक्यांना आणि भिंतींच्या पोकळ्यांत मधमाश्या घर करतात, आणि त्यांच्याविषयीची तक्रार बहुधा कीटकनाशकाच्या फवाऱ्याने मिटवली जाते. वास्तविक वसाहत जिवंत राखूनही माणसांची सोय पाहता येते; मात्र त्यासाठी काय करावे हे मधमाशीच्या जातीवर ठरत असल्याने जात ओळखणे ही पहिली पायरी होय.

सातेरी, म्हणजे शास्त्रीय परिभाषेतील एपिस सेराना, अंधाऱ्या पोकळीत अनेक समांतर पोळी बांधते आणि म्हणूनच ती लाकडी पेटीत पाळता येते. भिंतीतील सातेरी काढताना मधपाळ हलका धूर देऊन पोकळी उघडतो, अंडी, अळ्या व कोष असलेली पोळी कापून केळीच्या सोपटाने पेटीच्या चौकटींत बांधतो आणि राणीमाशी पेटीत घेतो, कारण राणीपाठोपाठ कामकरी माश्याही आत शिरतात. ही जात थोड्या त्रासानेही घर सोडून जाते, त्यामुळे पेटीच्या दाराला काही दिवस राणीबंद जाळी, म्हणजे कामकरी माशी जाईल पण राणी अडेल अशी फट असलेली पट्टी, लावतात. चरायला गेलेल्या माश्या परतेपर्यंत पेटी तिथेच ठेवून अंधार पडल्यावर ती हलवतात, आणि तीही त्यांच्या चरण्याच्या टापूबाहेर, अन्यथा त्या ओळखीच्या खुणांवरून जुन्या भिंतीकडे वळतात. उरलेल्या मेणाचा वास नव्या थव्यांना ओढून आणतो, म्हणून पोकळी खरवडून बुजवल्याशिवाय हे काम पुरे होत नाही.

आग्या मधमाशीची, म्हणजे एपिस डोर्साटाची, गोष्ट निराळी आहे. ती उघड्यावर एकच, कधी मीटरभराहून रुंद पोळे लटकवते आणि पेटीत नांदत नाही. शिवाय एका माशीच्या डंखाबरोबर सुटणारे इशारागंध, म्हणजे धोक्याची सूचना देणारी रसायने, इतर माश्यांनाही हल्ल्यास प्रवृत्त करतात. परंतु ही जात ऋतुमानाप्रमाणे स्थलांतर करते, त्यामुळे जिथे वावर टाळता येतो तिथे खालची जागा बंद करून, पोळ्याजवळचे रात्रीचे दिवे मालवून, ती आपण होऊन जाईपर्यंत थांबणे हाच सर्वांत दयाळू उपाय ठरतो. शाळा वा रुग्णालयासारख्या ठिकाणी थांबणे शक्य नसेल, तर हे काम प्रशिक्षित माणसांनीच करावे. फांदीवर पोळ्याविना लटकलेला थवा मात्र बहुधा काही तासांत वा दिवसांत पुढे निघून जातो, आणि राखण्यासाठी मध वा पिल्ले नसल्याने सहसा शांत असतो.

पुण्यात 1962 पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे आणि महाबळेश्वरला मध संचालनालय आहे, तेव्हा या ज्ञानाची राज्यात वाण नाही. सूर्यफूल आणि कांद्याचे बीजोत्पादन परागीभवनासाठी मधमाश्यांवर मोठ्या प्रमाणात विसंबून असताना, गृहनिर्माण संस्थांनी आणि नगरपालिकांनी औषध फवारणाऱ्याआधी मधपाळाला बोलावण्याचा नियम करणे हे शेतीच्याही हिताचे आहे.