जालन्याचा ज्वालामुखी डोंगरात शोधू नका

ज्वालामुखी म्हणजे शंकूसारखा डोंगर, माथ्यावर विवर आणि आकाशात उसळणारी राख, हे चित्र इतके पक्के बसले आहे की जालन्याच्या आसपास तसा डोंगर दिसत नाही म्हणून इथे ज्वालामुखी नव्हताच, असे समजले जाते. प्रत्यक्षात इथे विहीर खणताना काळ्या मातीखाली मुरूम आणि मुरमाखाली जो काळा पाषाण लागतो, तो थिजलेला लाव्हाच आहे. उद्रेकाचे रूप शिलारसाच्या चिकटपणावर आणि त्यातल्या वायूंवर ठरते. इंडोनेशियात एक भूपट्ट दुसऱ्याखाली जातो; तिथल्या चिकट शिलारसात वायू कोंडतो आणि 1883च्या क्राकाटोआसारखा स्फोट होतो. दख्खनचा शिलारस पातळ होता. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी तो लांबलचक भेगांतून वर आला आणि पसरत गेला. आजही हा पाषाण जवळपास 5 लाख चौरस किलोमीटरवर आहे. असे उद्रेक ही केवळ कल्पना नाही: 1783 साली आइसलंडमधील लाकी येथे सुमारे 27 किलोमीटर लांबीच्या भेगेतून आठ महिने लाव्हा वाहत होता.

मग त्या भेगा कुठे गेल्या, असे कोणी विचारील. त्यांत थिजलेल्या शिलारसाच्या उभ्या भिंती, म्हणजे डाइक, धुळे-नंदुरबारकडे आजही दिसतात. हे सारे एका दमात घडले, हाही गैरसमजच. लाव्ह्याच्या थरांमध्ये जागोजागी सापडणारे तांबड्या मातीचे पट्टे सांगतात की दोन उद्रेकांमध्ये खडक झिजून माती होण्याइतका अवधी गेला होता. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातले लोणार हे या ज्वालामुखीचे मुख, असे म्हणणारेही भेटतात. पण सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे ते विवर आधीच थिजलेल्या पाषाणात उल्का आदळून झाले. तिथे सापडणारी मॅस्केलिनाइट ही काच प्रचंड आघाताच्या दाबाखालीच बनते. ज्वालामुखीत तेवढा दाब निर्माण होत नाही.

ज्वालामुखी भूपट्टांच्या कडेलाच होतात, हा नियमही सरसकट खरा नाही. हवाई बेटे पॅसिफिक भूपट्टाच्या मधोमध आहेत, कारण तिथे खोलवरून उष्णता वर येते. दख्खनचा लाव्हाही अशाच एका तप्तस्थळाशी जोडला जातो. मग तो पुन्हा उसळेल का? भारताचा भूपट्ट तेव्हापासून उत्तरेकडे सरकत आला आणि ते तप्तस्थळ मागे, हिंदी महासागरातील रियुनियन बेटाखाली राहिले. म्हणून पिटों द ला फूर्नेझ हा ज्वालामुखी तिथे जागा आहे. जालन्याला त्याची भीती नाही.