वायूंचे द्रवीकरण : दाब आणि शैत्य

स्वयंपाकाच्या गॅसचे सिलिंडर हलविले असता आत द्रव हिंदकळल्याचे जाणवते. रुग्णालयातील प्राणवायूच्या सिलिंडरात मात्र, दाब कितीतरी अधिक असूनही, द्रवाचा थेंबही नसतो. असे का व्हावे?

फॅराडेने १८२३ मध्ये क्लोरीन द्रवरूप केला; परंतु प्राणवायू, हायड्रोजन कोणत्याही दाबास बधेनात. त्यांना ‘स्थायी वायू’ म्हणू लागले. ही खरे तर पराभवाची कबुलीच होती. १८६९ मध्ये अँड्र्यूजने दाखविले, की सुमारे ३१° सेल्सिअसच्या वर कार्बन डाय-ऑक्साइड कितीही दाबला तरी द्रवरूप होत नाही. रेणूंची धावपळ त्यांच्यातील आकर्षणास जुमानीत नाही. हेच क्रांतिक तापमान. प्राणवायूचे ते सुमारे उणे ११८.६° आहे. आधी शैत्य, मगच दाब.

१८७७ मध्ये कायते याने दाबून थंड केलेला प्राणवायू एकदम प्रसरण पावू दिला. तो आणखी गारठला आणि काचनळीत क्षणभर धुके दिसले.