ठकीची परदेशी बहीण

आपली लाकडी ठकी कधी तान्हे बाळ नव्हती, हे सहसा ध्यानात येत नाही. भातुकलीत ती नेहमी उपवरच असावयाची. तिला चिंध्यांचे लुगडे नेसवावयाचे, मुंडावळ्या बांधावयाच्या आणि मैत्रिणीच्या बाहुल्याशी तिचे लग्न लावावयाचे. उद्याचा संसार मुली आजच करून पाहत.

अमेरिकेत मात्र मुलींच्या हाती बहुधा बाळाच्याच बाहुल्या येत. खेळ आईपणापाशी थांबे. आपली कन्या बार्बरा कागदी बाहुल्यांना मोठ्या स्त्रियांच्या भूमिका देते, हे रूथ हँडलर यांनी हेरले. पुढे युरोपच्या प्रवासात ‘लिली’ ही तरुण स्त्रीच्या रूपातील जर्मन बाहुली त्यांच्या दृष्टीस पडली. तिच्यावरून घडविलेली साडेअकरा इंचांची ‘बार्बी’ ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात अवतरली. असली भरल्या अंगाची बाहुली कोणती आई विकत घेईल, अशी शंका त्यांच्याच कंपनीत निघाली होती!

तिच्या अशक्य कमरेवरील आक्षेप रास्तच होता. निराळ्या बांध्याच्या बार्बी आल्या त्या थेट २०१६ साली. परंतु १९६५ मध्ये तिने अंतराळवीराचा पोशाख चढविला, तेव्हा एकही अमेरिकन स्त्री अंतराळात गेली नव्हती. सॅली राइड गेल्या त्या १९८३ मध्ये. तोवर अठरा वर्षे मुली ती सफर घरातल्या जमिनीवर बसून करीत होत्या.

ठकीच्या नशिबी लग्नावाचून दुसरे काही नव्हते, हे खरे. पण पाठवणीच्या वेळी तिच्या धनिणीने ‘माझी ठकी मी देणार नाही’ म्हणून तिला उराशी घट्ट धरले, की विहीणबाईंना रिकाम्या हातांनी परतावे लागे.