पांढरीचे दप्तर

तेरणेच्या काठी वसलेले तेर हे महाराष्ट्राला ठाऊक आहे ते गोरोबाकाकांचे गाव म्हणून. संतमेळा जमलेला असता या कुंभाराने हाती थापटणे घेऊन एकेकाच्या मस्तकावर थाप मारली, कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे याचा निवाडा केला, आणि त्या निवाड्यात प्रत्यक्ष नामदेवरायांनाही कच्चे ठरविले, ही कथा ज्याने लहानपणी ऐकली नाही असा मराठी माणूस विरळा. तेरच्या जुन्या टेकाडावर उभा असताना मला या कथेची आठवण झाली, ती निव्वळ स्थानमाहात्म्यामुळे नव्हे. माझ्यासमवेत असलेल्या पुरातत्त्वाच्या एका अभ्यासकाने पायाखालचे एक खापर उचलले, अंगठ्याने त्यावरची माती पुसली, ते कानाशी नेले आणि नखाने त्यावर हलकीशी टिचकी मारली. खापर खणखणले. "चांगले भाजलेले आहे," एवढेच तो म्हणाला.

त्या खापराची आतली बाजू आणि काठ काळे होते, बाहेरची बाजू तांबडी होती. हा रंग कुंभाराने वरून दिलेला नव्हे, अग्नीने दिलेला असतो. मातीत लोहाचा अंश असतो. भाजताना त्याला मोकळा वारा मिळाला तर तो तांबडा होतो, आणि वारा कोंडून धूर आत राहिला तर माती काळी पडते. भांडे भट्टीत पालथे घातले, त्याच्या पोटात तूस किंवा काटक्यांचे जळण कोंबले, की आतून काळे आणि बाहेरून तांबडे असे दुरंगी भांडे एकाच भाजणीत तयार होते. अशी काळी-तांबडी खापरे सातवाहनांच्या काळातील वस्त्यांतून विपुल सापडतात. धातू वितळवून त्याचे दुसरे काही करता येते, लाकूड जळते, वस्त्र कुजते. परंतु एकदा भाजलेल्या मातीची पुन्हा माती होत नाही, आणि फुटलेल्या मडक्याला घेणारा कोणी नसल्यामुळे ते जेथे फुटले त्याच्या आसपासच पडून राहते. म्हणून काळ ठरविण्याच्या कामी, राजांच्या सुवर्णमुद्रांइतकाच, किंबहुना त्यांच्याहूनही अधिक, पुरातत्त्वज्ञाचा भरवसा खापरांवर असतो.

आता ज्या टेकाडावर आम्ही उभे होतो त्याविषयी. आपल्या जुन्या महसुली दप्तरांत गावाच्या भूमीचे दोन भाग मानलेले असत: जिच्यात पीक निघते ती काळी, आणि जिच्यावर घरे उभी राहतात ती पांढरी. गावकऱ्यांच्या समुदायालाही पांढरी म्हणण्याचा प्रघात होता, इतके हे नाव वस्तीशी एकजीव झालेले होते. दख्खनच्या काळ्याभोर रानात मध्येच एखादे राखाडी-पांढुरके टेकाड दिसते, त्याचा रंग निसर्गाचा नसतो, तो माणसांच्या राहणीचा असतो. मातीच्या भिंतीचे घर पावसाने खचते, घरधनी ते सपाट करून त्याच जागी दुसरे बांधतो, चुलीतली राख अंगणाच्या कडेला पडते, गोठ्यातले शेण, चुन्याचे कण, हाडे, भुसा, फुटकी भांडी यांची त्यात रोज भर पडत जाते. आणि अशा रीतीने, कोणाच्याही मनात टेकडी उभारण्याचा हेतू नसताना, पिढ्यान्‌पिढ्यांच्या संसाराने भुई उंचावत राहते. ज्या शब्दाने आपल्या पूर्वजांनी वस्तीच्या जागेची नोंद केली, तो शब्द प्राचीन नगरांच्या शोधार्थ निघालेल्या शास्त्रज्ञाला आजही वाट दाखवितो. गावात गेल्यावर त्याचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: येथली जुनी पांढरी कोठे आहे?

तेरच्या पांढरीखाली जे नगर निजलेले आहे, त्याचे नाव तगर. ते हरवले होते, आणि सापडले ते प्रथम कागदावर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधील एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने इरिथ्रियन समुद्रातील व्यापाराचे एक टिपण लिहून ठेवले. 'पेरिप्लस' या नावाने ते प्रसिद्ध आहे. त्यात म्हटले आहे की भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण लागते आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर. पैठणहून गोमेदासारखे मोलाचे दगड येतात, आणि तगराहून जाडेभरडे कापड, तलम मलमल व इतर वस्त्रे, गाड्यांवर लादून, धड रस्तेही नसलेल्या विस्तीर्ण मुलखातून भडोचला उतरविली जातात. इकडे कोकण आणि कोल्हापूर येथे राज्य करणारे शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत स्वतःस 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत होते, म्हणजे ज्या नगरावर त्यांची सत्ता उरली नव्हती त्याचा अभिमान त्यांनी बिरुदात जपला होता. मग हे तगर कोठले? कोणी ते देवगिरीस मानले, कोणी जुन्नरला, कोणी धारूरला. अखेर १९०१ साली फ्लीट यांनी नावाच्या उच्चाराचे रूपांतर आणि अंतरांचा मेळ यांच्या आधारे तेर हेच तगर असल्याचे प्रतिपादन केले. गावातील त्रिविक्रमाचे विटांचे देऊळ, ज्याची मागची बाजू बौद्ध चैत्यगृहासारखी गजपृष्ठाकार आहे, ते तर सर्वांच्या डोळ्यांसमोरच उभे होते.

कागदावरचा निवाडा मातीत पडताळून पाहण्याचे काम पुढच्या पिढीकडे आले. १९५८ साली चापेकरांनी येथे उत्खनन केले, आणि पुढील दोन दशकांत आणखी काही मोसम खोदकाम झाले. सातवाहनकालीन विटांची बांधकामे, नाणी, शंखाच्या बांगड्या, रंगीत दगडांचे मणी आणि दोन साच्यांत दाबून घडविलेल्या पांढऱ्या केओलिन मातीच्या सुबक मूर्ती या भूमीने दिल्या. परंतु वस्तूंची ही यादी कितीही लांबविली तरी उत्खनन म्हणजे काय ते तिच्यातून समजत नाही. ते समजण्यासाठी चराच्या कडेला बसून त्याच्या उभ्या छेदाकडे पाहिले पाहिजे.

ओळंबा लावून भिंतीसारखा सरळ तासलेला तो छेद प्रथमदर्शनी मातीचा एक करडा पडदाच वाटतो. थोडे पाणी शिंपडून, सकाळच्या तिरप्या उन्हात निरखले की त्यात रेषा उमटू लागतात. सर्वांत खाली, जेथे मनुष्याचा स्पर्श झालेला नाही, ती चिकट काळी माती. तिच्यावर बोटभर जाडीची, पापुद्र्यांची एक पट्टी. हे पापुद्रे म्हणजे पुनःपुन्हा सारवलेली जमीन. त्यावर राखेचा निळसर थर, मग विटांचे तुकडे, मग पुन्हा सारवण. आणि मध्येच या सगळ्या आडव्या रेषा तोडून, वरून खाली उतरलेली, तळाशी फुगलेली एक मऊ भुसभुशीत आकृती: ते पेव. कोणा शेतकऱ्याने हजार वर्षांनंतर धान्य साठविण्यासाठी ते खणले, आणि ते निकामी झाल्यावर त्यात आपल्या काळचा केरकचरा लोटला. खणणाऱ्याच्या ध्यानात पेवाची कड आली नाही, तर यादवकाळातील बांगडी सातवाहनांच्या जमिनीशेजारी सापडल्याची नोंद होते आणि सगळी कालगणना बिघडते. म्हणून दोन चरांच्या मध्ये न खणलेल्या मातीचे बांध राखायचे, प्रत्येक थराला क्रमांक द्यायचा, आणि ज्या थरातून खापर निघाले त्याचा क्रमांक त्या खापरावर शाईने लिहावयाचा, ही शिस्त. मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४४ नंतर हिंदुस्थानात ती घालून दिली आणि डेक्कन कॉलेजात डॉ. ह. धी. सांकलियांनी ती आपल्या शिष्यांच्या हाडीमासी खिळविली. खतावणी लिहिणारा कारकून एखादी रक्कम विसरला तर कीर्दीवरून ती काढता येते. येथे एकदा खणलेले पान पुन्हा वाचता येत नाही, कारण वाचणे हेच त्या पानाचे फाडणे असते.

प्रयोगशाळेची मदतही या शिस्तीवरच अवलंबून आहे. सजीवाच्या देहातील किरणोत्सर्गी कर्ब, म्हणजे कार्बन-१४, मृत्यूनंतर सुमारे ५,७३० वर्षांत निम्मा होतो. तेव्हा दोन हजार वर्षांपूर्वीच्या धान्याच्या दाण्यात त्याचा साधारण ७८ टक्के भाग शिल्लक असला पाहिजे. तुळईचा कोळसा मोजला तर झाड केव्हा वाढले ते कळेल, घर केव्हा बांधले ते कळेलच असे नाही. दाणा मात्र एकाच हंगामाचा असतो. पण तो दाणा घरातला की पेवातला, हे यंत्र सांगू शकत नाही. ते खुरपे धरणाऱ्या हातानेच सांगायचे.

तेरच्या संग्रहालयात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. रामलिंगप्पा लामतुरे या तेरच्याच गृहस्थांनी, शास्त्रज्ञांचे येथे लक्ष वळण्यापूर्वी, पावसाने उघड्या पडलेल्या आणि गावकऱ्यांना सापडलेल्या वस्तू आयुष्यभर आस्थेने जमविल्या. ते नसते तर यांतील कितीतरी वस्तू केव्हाच नाहीशा झाल्या असत्या. त्यांच्या संग्रहातील ही मूर्ती पाहताना तिच्या जडजवाहिराकडे आधी लक्ष जाते: कमरेची अनेकपदरी मेखला, हातभर चढलेली कंकणे, पायांतले जड वाळे, आणि या साऱ्या भाराखाली सहजपणे उभे असलेले शरीर. तथापि ती कोणत्या थरातून आली याची नोंद नाही. तिचा काळ ठरविण्याचा मार्ग खुला झाला तो समुद्रापलीकडून. १९३८ साली इटलीतील पॉम्पेई येथे, अमेदेओ मायुरी यांच्या उत्खननात, एका घरात सुमारे २५ सेंटीमीटर उंचीची हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती सापडली, आणि तिची ठेवण, तिचे अलंकार तेरच्या मूर्तीशी बहिणीसारखे जुळतात. पॉम्पेई नगर व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले इसवी सन ७९ मध्ये. म्हणजे ती मूर्ती त्यापूर्वीच घडून, सागर ओलांडून, तेथे पोहोचलेली होती. पुढे १९७३ मध्ये भोकरदन, म्हणजे प्राचीन भोगवर्धन, येथील उत्खननातही अशीच एक हस्तिदंती मूर्ती मिळाली, आणि पॉम्पेईची मूर्ती याच परिसरातून गेली असावी असे मत काही पंडितांनी मांडले. तिच्या बैठकीखाली कोरलेले खरोष्ठी अक्षर मात्र वायव्येकडे बोट दाखविते, त्यामुळे वाद पुरता मिटलेला नाही. मला यात हुरहूर लावणारी गोष्ट दुसरीच आहे. जी मूर्ती परमुलखात गेली तिच्या मृत्यूचे वर्ष अचूक ठाऊक आहे, आणि जी आपल्या घरी राहिली तिची जन्मपत्रिका, घरचीच माती विस्कटल्यामुळे, बहिणीच्या पत्रिकेवरून मांडावी लागते.

ज्या कापडासाठी तगराचे नाव भूमध्य समुद्रापर्यंत पोहोचले ते कापड मात्र उरत नाही. आपल्या हवेत सूत दोन पावसाळे टिकणे कठीण. उरतात त्या चातीला लावावयाच्या मातीच्या चकत्या. पण नेवाशाला, ज्ञानेश्वरीच्या त्या नेवाशाला, सातवाहनांच्याही फार पूर्वीच्या ताम्रपाषाणयुगातील एका बालकाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली, आणि मण्यांच्या भोकांत धाग्याचे अवशेष शिल्लक होते. तांब्याचे क्षार सूक्ष्मजंतूंना मारक असतात, म्हणून ज्या तंतूंशी ते चिकटले ते वाचले. सूक्ष्मदर्शकाखाली तपासता त्यांत कापूस आणि रेशीम ओळखू आले. सांकलियांनी ते मणी धुऊन, घासून, लखलखीत करून कपाटात मांडले असते, तर दख्खनच्या त्या रेशमाचा मागमूस राहिला नसता.

आणि नेमके असे धुऊन टाकणे आपल्या पांढरींच्या वाट्याला आलेले आहे. पांढरीची माती शेताला मानवते, कारण शेकडो वर्षांच्या शेणाराखेने तिच्यात स्फुरद साठलेले असते. माळवदावर ती पसरली तर पाणी झिरपत नाही. बैलगाडीच्या दिवसांत ही माती घमेल्याघमेल्याने जाई, आता यंत्रे एका दुपारी टेकाडाचे अर्धे अंग उचलून नेतात. शेतकऱ्याला दोष देण्याचे मला धैर्य होत नाही. त्याने पूर्वापार हक्काने हे केले, आणि ती माती म्हणजे लेख आहे हे त्याच्या भाषेत जाऊन आपण त्याला किती वेळा सांगितले? तेरच्या टेकाडाखाली उतरताना पावसाने कापलेल्या एका घळीत मला विटांची एक रांग दिसली. एका विटेच्या तुटलेल्या कडेवर तुसाच्या दाण्याएवढ्या असंख्य पोकळ्या होत्या. मातीत कालविलेले भाताचे तूस भट्टीत जळून गेले होते आणि त्याचा ठसा तेवढा राहिला होता. माझा हात आपसूक पुढे गेला. सोबतच्या अभ्यासकाने तो हळूच धरला, आणि म्हणाला, "राहू द्या. ती तिच्या जागी आहे."

परतताना त्याने सांगितले की खोदकाम संपल्यावर चर बुजविताना कित्येक उत्खननकार तळाशी त्या वर्षाचे एक नाणे ठेवतात आणि मग माती ओढतात: पुढे कधी कोणी येथवर खणत आला, तर इतके आमच्या हातून उलगडून झाले आहे, आणि खालचे अजून तुमचे आहे, एवढे त्याला कळावे म्हणून.